दंड कुणाकुणाला बांधतो?

अमरावती-अकोल्याकडे लग्नाच्या पंगतीत, बडनेऱ्याच्या फलाटावर किंवा संध्याकाळच्या फेरफटक्यात देशाच्या स्थितीविषयी बोलणे निघाले की एक वाक्य हमखास कानी पडते : आपल्याकडे चीनसारखे कडक कायदे हवेत; दोन-चार जणांना भरचौकात शिक्षा झाली की उरलेले आपोआप सरळ होतील. हे बोलणारा माणूस बहुधा सज्जन असतो. तो कर वेळेवर भरतो, नियम पाळतो, मुलांवर चांगले संस्कार करतो. एका साध्या दाखल्यासाठी त्याला कार्यालयात चार खेटे घालावे लागलेले असतात, बियाण्यात त्याची फसगत झालेली असते आणि फसवणारा उजळ माथ्याने गावात वावरताना त्याने पाहिलेला असतो. त्यामुळे त्याचा संताप खोटा म्हणता येत नाही. परंतु संताप खरा असला म्हणजे त्यातून सुचलेला उपायही खरा ठरतो, असे नाही.

हा उपाय चीनने तेवीसशे वर्षांपूर्वी करून पाहिला आहे. केवळ करून पाहिला असे नव्हे, तर त्याचे रीतसर शास्त्र रचले, त्या शास्त्रावर एक राज्य उभारले आणि त्या राज्याच्या बळावर सारा देश जिंकला. त्या विचारपरंपरेला चिनी भाषेत ‘फा-ज्या’ म्हणतात. मराठीत आपण तिला विधिवाद म्हणू. चीनच्या शिस्तीचे गोडवे गाणाऱ्या प्रत्येकाने या विधिवादाचा आरंभ आणि अंत, दोन्ही एकदा डोळसपणे पाहिले पाहिजेत. कारण त्याच प्रश्नांचा विचार आपल्या पूर्वजांनीही केला होता, आणि त्याचा एक अस्सल पुरावा दूर कुठे नव्हे, आपल्या अचलपूरजवळच्या एका खेड्यात सापडला आहे.

ओंडका आणि शासनाचा शब्द

ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात चीन एकछत्री नव्हता. सात मोठी राज्ये एकमेकांच्या उरावर बसलेली होती. त्यांपैकी पश्चिमेकडील चिन हे राज्य इतरांच्या दृष्टीने मागासलेले, जवळजवळ रानटी. त्या राज्यात शांग यांग नावाचा मंत्री आला आणि इ. स. पू. ३५६ च्या सुमारास त्याने सुधारणांना हात घातला. नवे कायदे जाहीर करण्यापूर्वी त्याने काय केले, याची कथा चिनी इतिहासकार स्स-मा च्येन याने नोंदवून ठेवली आहे. बाजाराच्या दक्षिण वेशीजवळ त्याने एक लाकडी ओंडका ठेवला आणि तो उत्तर वेशीपर्यंत नेणाऱ्यास दहा सुवर्णमुद्रा देण्याचे जाहीर केले. कुणीच पुढे आले नाही, कारण कुणाचा विश्वासच बसेना. त्याने बक्षीस पन्नासवर नेले. अखेर एकाने ओंडका उचलून नेला आणि त्याला तिथल्या तिथे पन्नास मुद्रा मिळाल्या. मगच नवे कायदे जाहीर झाले.

या कथेतील बोध सरळ आहे. कायदा कडक असण्यापूर्वी तो विश्वासार्ह असावा लागतो. शासनाने दिलेला शब्द शासन पाळते, हे जनतेला एकदा पटले की निम्मे काम होते. पीकविम्याची भरपाई आणि नुकसानीचे पंचनामे यांच्या घोषणा ऐकून कान किटलेल्या वऱ्हाडातील शेतकऱ्याला हा मुद्दा समजावून सांगण्याची गरज नाही.

शांग यांगची दुसरी गोष्ट त्याहून मोठी. वंशपरंपरागत सरदारांचे विशेषाधिकार त्याने कापले. मानमरातब जन्मावर न ठेवता रणांगणावरील पराक्रमावर ठेवला. युवराजाच्या हातून कायदा मोडला गेला, तेव्हा भावी राजाच्या अंगावर शस्त्र चालवता येत नाही म्हणून त्याच्या शिक्षकांना शिक्षा दिली. लहानमोठ्यांना एकच कायदा, हे तत्त्व इतक्या स्पष्टपणे राबवणारे राज्य त्या काळच्या जगात विरळाच होते.

शंभर वर्षांनंतर हान फेई या राजकुलातील विद्वानाने या विचारांना परिपूर्ण ग्रंथाचे रूप दिले. त्याच्या मते राज्य तीन खांबांवर उभे असते : फा म्हणजे सर्वांना कळेल असा जाहीर कायदा, शू म्हणजे अधिकाऱ्यांना ताब्यात ठेवण्याचे तंत्र, आणि श म्हणजे सिंहासनाचे अंगभूत सामर्थ्य. राजा सद्गुणी असण्याची गरज नाही. सामान्य कुवतीच्या राजालाही राज्य चालवता आले पाहिजे. माणूस स्वभावतः लाभाकडे धावतो आणि वेदनेपासून पळतो, म्हणून शिक्षा आणि बक्षीस या दोन मुठी राजाच्या हातात घट्ट असाव्यात. हा विचार व्यवहारी आहे, धारदार आहे आणि प्रशासनाची ओळख असलेल्या कुणालाही क्षणभर मोह पाडील असा आहे.

बैलाचा घेर आणि पाठीवरचे फटके

हे राज्य प्रत्यक्षात कसे चालत होते, याचा डोळे दिपवणारा पुरावा डिसेंबर १९७५ मध्ये हाती आला. हुपेई प्रांतातील युनमेंग तालुक्यात श्वेहूती येथे खोदकाम करताना एका कनिष्ठ अधिकाऱ्याचे थडगे सापडले. इ. स. पू. २१७ मध्ये मृत्यू पावलेल्या या माणसाच्या सोबत बांबूच्या अकराशेहून अधिक पट्ट्या पुरलेल्या होत्या. त्यांवर चिनचे कायदे लिहिलेले होते. धान्यकोठारांचे हिशेब, वजनमापांतील फरकाचे दंड, पाऊस किती पडला आणि किती शेत भिजले याचे अहवाल कधी पाठवावेत याचे नियम. सरकारी बैलांची वर्षातून चार वेळा पाहणी होई. उत्तम बैल राखणाऱ्यास मद्य आणि सुके मांस बक्षीस मिळे. आणि शेतकामात बैलाचा घेर घटला, तर दर त्सुनामागे, म्हणजे सुमारे २.३ सेंटिमीटरमागे, त्याची जबाबदारी असलेल्या माणसाच्या पाठीवर दहा फटके पडत.

पोळ्याच्या दिवशी बैलाची खांदेमळणी करून त्याला पुरणपोळी भरवणाऱ्या वऱ्हाडी माणसाने या नियमावर थोडे थांबावे. बैलाची निगा राखली गेली पाहिजे, हा हेतू चांगलाच आहे. पण दुष्काळात कडबा नसेल तर फटके कुणाला मारायचे? फटक्याच्या भीतीने राखलेला बैल आणि कृतज्ञतेने राखलेला बैल मोजपट्टीवर कदाचित सारखेच भरतील. राखणारा माणूस मात्र सारखा राहत नाही. विधिवादाने बैलाचा घेर मोजला, माणसाचे मन मोजले नाही.

पाच-पाच आणि दहा-दहा घरांचे गट पाडून शेजाऱ्यावर शेजाऱ्याची पाळत ठेवण्यात आली. एकाच्या गुन्ह्याची माहिती दडवली तर इतरांनाही शिक्षा. विधिवादाचे मुख्य सूत्र असे की लहान अपराधाला जबर शिक्षा द्यावी, म्हणजे मोठे अपराध घडणारच नाहीत आणि शेवटी शिक्षेची गरजच उरणार नाही. आपल्या पंगतीतले सज्जन जे बोलतात, ते नेमके हेच.

याचे फळ काय मिळाले? आधी वैभव मिळाले, हे मान्य केले पाहिजे. इ. स. पू. २२१ मध्ये चिनच्या राजाने उरलेली सहा राज्ये जिंकून पहिला सम्राट ही पदवी घेतली. वजने, मापे, लिपी, गाड्यांच्या चाकांमधील अंतर, सारे एक केले. त्यानंतर इ. स. पू. २१३ मध्ये ग्रंथ जाळण्याची आज्ञा झाली. २१० मध्ये सम्राट वारला आणि चार वर्षांच्या आत ते साम्राज्य मातीस मिळाले. पंधरा वर्षांत उदय आणि अस्त! ज्या व्यवस्थेने पाचशे वर्षांची फाटाफूट मिटवली, तिला स्वतःचे दुसरे दशकही धड पुरे करता आले नाही.

बंडाची ठिणगी कशी पडली, याची पारंपरिक हकीकत प्रसिद्ध आहे. इ. स. पू. २०९ मध्ये चेन शेंग आणि वू क्वांग हे दोघे नऊशे माणसांची तुकडी घेऊन सरहद्दीकडे निघाले होते. पावसाने रस्ते बुडाले, मुक्कामी वेळेवर पोहोचणे अशक्य झाले. उशिराला मृत्युदंड, बंडालाही मृत्युदंड. मग बंड काय वाईट, असा त्यांनी विचार केला. श्वेहूतीच्या पट्ट्यांमुळे या हकीकतीवर आता शंका घेतली जाते. सरकारी कामासाठी बोलावलेले मजूर उशिरा आले, तर तीन ते पाच दिवसांना नुसती कानउघाडणी, सहा ते दहा दिवसांना एका ढालीइतका दंड, त्याहून अधिक उशिराला एका चिलखताइतका दंड, आणि पाऊस आडवा आला तर सूट, असा नियम त्यांत आहे. म्हणजे मूळ कायदा वाटतो तितका आंधळा नव्हता. मग राज्य का कोसळले? आमच्या मते याचे उत्तर शिक्षेच्या आकड्यात शोधू नये. ते या व्यवस्थेच्या रचनेतच आहे.

कायदा जिथे थांबतो

विधिवादात कायदा शेतकऱ्याला बांधतो, सैनिकाला बांधतो, सरदाराला आणि मंत्र्याला बांधतो. तो फक्त एका जागी थांबतो. ती जागा म्हणजे सिंहासन. राजा कायदा करतो, राजा तो बदलतो, आणि राजाने तो मोडला तर त्याला जाब विचारणारी कोणतीही सत्ता, कोणतेही तत्त्व विधिवाद मानत नाही.

या व्यवस्थेच्या शिल्पकारांचे शेवट पाहावेत. शांग यांगचा पाठीराखा राजा वारला आणि ज्याच्या शिक्षकांना शिक्षा झाली होती तो युवराज गादीवर आला. जीव घेऊन पळणाऱ्या शांग यांगने एका धर्मशाळेत आसरा मागितला. ओळख पटल्याशिवाय कुणाला उतरवून घेतल्यास शिक्षा होते, शांग महाशयांचा तसा कायदा आहे, असे सांगून धर्मशाळेवाल्याने त्याला परत पाठवले. इ. स. पू. ३३८ मध्ये त्याचा अंत झाला आणि त्याच्या कुटुंबाचाही उच्छेद करण्यात आला. हान फेईला इ. स. पू. २३३ मध्ये चिनच्याच तुरुंगात विष घ्यावे लागले. त्यामागे हात होता त्याचा सहाध्यायी ली स्स याचा. आणि सम्राटाचा महामंत्री झालेल्या ली स्सलाही इ. स. पू. २०८ मध्ये पहिल्या सम्राटाच्या मुलाच्या राजवटीत देहदंड झाला. तिघेही विद्वान होते, कर्तबगार होते. आपण घडवलेल्या शस्त्राला मूठ एकच आहे आणि ती मूठ कुणाच्याही हाती जाऊ शकते, एवढे मात्र त्यांच्या ध्यानात आले नाही.

चिनच्या राजधानीत शिरलेल्या ल्यू पांग या बंडखोर नेत्याने पहिले काम केले ते चिनचे कायदे रद्द करण्याचे. खून करणाऱ्यास मृत्युदंड. जखमी करणाऱ्यास आणि चोरी करणाऱ्यास अपराधाच्या मानाने शिक्षा. एवढे तीनच नियम त्याने लोकांना सांगितले. त्याने स्थापलेले हान घराणे मधला अल्प काळ वगळता चारशे वर्षे टिकले. पुढे राज्य चालवताना हान राज्यकर्त्यांनी चिनचे पुष्कळ कायदे पुन्हा उचलले हे खरे. पण त्यांना कन्फ्यूशियसच्या नीतिविचाराचा आधार दिल्यावाचून चालणार नाही, हे त्यांनी ओळखले.

चीनने हा वारसा पूर्णपणे कधीच टाकला नाही. माओच्या अखेरच्या काळात, १९७३-७४ मध्ये, कन्फ्यूशियसविरुद्ध मोहीम उघडून विधिवाद्यांचा आणि पहिल्या सम्राटाचा जयजयकार करण्यात आला. शी जिनपिंग यांनीही हान फेईचा हवाला दिलेला आहे. तेथील शिस्तीचे कौतुक करताना तिच्या मुळाशी काय आहे, हे विसरता येणार नाही.

चम्मकचा ताम्रपट

आता आपल्या घराकडे वळू. अचलपूरजवळ चम्मक नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे वाकाटक राजा द्वितीय प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांच्या लेखांचा जो संग्रह १९६३ मध्ये सिद्ध केला, त्यात तो विस्ताराने आला आहे. पाचव्या शतकातील या राजाने आपल्या राज्याच्या अठराव्या वर्षी भोजकट प्रदेशातील चर्मांक हे गाव एक हजार ब्राह्मणांना दान दिले. असे दानपत्र भारतात नवे नाही. पण या दानपत्रातील दोन गोष्टी लक्षपूर्वक वाचण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट राजाच्या माणसांना बांधणारी. या गावात शिपायांनी शिरू नये. गावाकडून गाई-बैल, फुले, दूध घेऊ नये. चराई, कातडी, कोळसा यांवर हक्क सांगू नये. वेठबिगार तर मुळीच घेऊ नये, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे राजा स्वतःच्याच दंडशक्तीला गावाच्या वेशीवर थांबवतो.

दुसरी गोष्ट दान घेणाऱ्यांना बांधणारी. त्यांनी राज्याशी द्रोह करू नये, हत्या, चोरी, व्यभिचार करू नये, युद्ध करू नये, शेजारच्या गावांना उपद्रव देऊ नये. ते असे वागले, किंवा अशा वागण्याला त्यांनी संमती दिली, तर राजाने ती जमीन काढून घेतल्यास ती चोरी ठरणार नाही, असा निर्वाळा या पत्रात आहे.

या शेवटच्या कलमाचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. कारणाशिवाय जमीन काढून घेतली तर ती चोरी ठरेल, आणि ती चोरी करणारा राजा असेल, हे येथे गृहीत धरलेले आहे. राजादेखील चोर ठरू शकतो! विधिवादाच्या साऱ्या ग्रंथसंभारात ही कल्पना सापडणार नाही. तिथे राजाने घेतले ते राजाचे. आणि दान घेणारा ब्राह्मण आहे म्हणून त्यालाही मोकळीक नाही. देणारा आणि घेणारा, दोघांच्याही वर काहीतरी आहे, आणि त्याला आपण धर्म म्हणत आलो.

कौटिल्याला पुष्कळ जण भारतीय विधिवादी समजतात. म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात १९०५ मध्ये आर. शामशास्त्री यांच्या हाती अर्थशास्त्राचे ताडपत्री हस्तलिखित आले. पुढे मुंबई विद्यापीठासाठी र. पं. कंगले यांनी १९६० ते १९६५ या काळात त्याची चिकित्सक आवृत्ती, भाषांतर आणि अभ्यास तीन खंडांत सिद्ध केला. परंपरा या ग्रंथाला चंद्रगुप्त मौर्याच्या काळात नेते. आजची संहिता त्यानंतरच्या शतकांतील असावी, असे काही संशोधक मानतात. काळ कोणताही असो, हा ग्रंथ भाबडा नाही. हेर, कपट, यातना सारे त्यात आहे. सरकारी पैसा खाण्याचे चाळीस प्रकार त्याने मोजून दिले आहेत. तरीही मूळ प्रश्नावर त्याचे उत्तर विधिवाद्यांच्या नेमके उलट आहे. अति कठोर दंड देणारा राजा प्रजेला नकोसा होतो, अति सौम्य दंड देणाऱ्याला प्रजा जुमानत नाही, आणि यथायोग्य दंड देणारा पूज्य ठरतो, असे कौटिल्य सांगतो. पाणी कोणत्या साधनाने उचलले यावरून शेतीच्या पाणीपट्टीचे वेगवेगळे दर ठरवतो. आणि राजाने निरपराध्यास दंड केला, तर राजाने त्याच्या तीसपट रक्कम वरुणाला अर्पण करून ती ब्राह्मणांना द्यावी, असे फर्मावतो. मनुस्मृतीतही सामान्य माणसाला जेथे एक नाणे दंड, तेथे राजाला हजार, असा नियम आहे.

आपले उणे

हे अभिमानाने सांगताना आपले उणेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे, नाहीतर तो अभिमान पोकळ ठरेल. राजाला मर्यादा घालणाऱ्या आपल्या स्मृतींनी अपराध एकच असता वर्णावर्णांत शिक्षेचा भेद केला. शांग यांगने सरदाराला आणि शेतकऱ्याला एक कायदा लावला, त्या कसोटीवर आपण उतरलो नाही. सम्राट अशोकाने आपल्या स्तंभलेखात व्यवहार आणि दंड यांत समता असावी अशी आज्ञा केली होती. समाजाने ती पचवली नाही. या भेदाचे विष किती खोल गेले होते, हे अमरावतीने डोळ्यांनी पाहिले आहे. अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या आपल्याच बांधवांना प्रवेश मिळावा म्हणून १९२७ मध्ये येथे चळवळ झाली. नोव्हेंबर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यासाठी अमरावतीच्या परिषदेत अध्यक्ष म्हणून आले होते आणि डॉ. पंजाबराव देशमुख या लढ्यात पुढे होते. राजालाही बांधणारा धर्म आणि सर्वांना समान कायदा, या दोन गोष्टींची सांगड अखेर आपल्या राज्यघटनेने घातली. त्या घटनेचे शिल्पकार आणि त्या संविधान सभेचे एक सदस्य, दोघेही अंबादेवीच्या त्या प्रश्नाशी जोडलेले होते, ही वऱ्हाडने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे.

वर न बांधणारा दंड

दंड खाली बांधतो आणि वर बांधत नाही, तेव्हा काय होते, हे आपण दोनदा अनुभवले. १८९७ च्या सप्टेंबरात लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या कलमाखाली अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. सरकारविषयी प्रेमाचा अभाव म्हणजेच अप्रीती, असा अर्थ न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितला. सहा युरोपीय ज्यूरर एका बाजूला आणि तीन भारतीय दुसऱ्या बाजूला, असा तो निकाल होता. त्याच वर्षी डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीत भरले. शंकरन नायर अध्यक्ष होते आणि दादासाहेब खापर्डे यजमान. टिळक तुरुंगात आणि त्यांचे मित्र अमरावतीत, असा तो प्रसंग होता. सरकारने बोध घेतला तो असा की, १८९८ मध्ये ते कलम आणखी व्यापक केले.

दुसरा अनुभव स्वकीयांच्या राज्यातला. १९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी आली. गाड्या वेळेवर धावतात, कचेऱ्यांत माणसे वेळेवर येतात, हे अनुशासन पर्व आहे, असे भिंतीभिंतींवर लिहिले गेले. या पानाच्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरातील वडीलधारी माणसे तेव्हा ‘मिसा’खाली तुरुंगात होती. वकील, शिक्षक, दुकानदार अशी ही माणसे. ना आरोपपत्र, ना खटला. नागपूर खंडपीठासह अनेक उच्च न्यायालयांनी बंदींना दाद मागण्याचा अधिकार आहे असे म्हटले, पण २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मतांनी तो नाकारला. सुनावणीच्या वेळी न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी विचारले होते की, एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरापोटी कुणाचा जीव घेतला तर? आणीबाणी आहे तोवर न्यायालयात उपाय नाही, असे उत्तर सरकारच्या वकिलांनी दिले. विधिवादाचे सारे शास्त्र त्या एका उत्तरात आले! एकटे असहमत राहिलेल्या खन्ना यांना सरन्यायाधीशपद मिळाले नाही. तो निकाल चुकीचा होता, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्टपणे नोंदवले.

म्हणून चीनसारखी शिस्त हवी असे म्हणणाऱ्या आपल्या माणसांना आमचा सवाल आहे : ती शिस्त १९७५ मध्ये आली होती, तेव्हा आपण कोणत्या बाजूला उभे होतो?

माप एक, रान वेगळे

दंडाइतकाच धोका एकाच मापाचा. चिनने चाकांमधील अंतर एक केले ते योग्यच. पण माणसांचे प्रश्न चाकाच्या मापाने सुटत नाहीत. २००८ च्या कर्जमाफीत दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला पूर्ण माफी आणि त्यावरील शेतकऱ्याला अटींसह पंचवीस टक्के सवलत, असे सूत्र साऱ्या देशाला लावले गेले. कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकवणाऱ्याचे दोन हेक्टर आणि पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात पावसावर कपाशी लावणाऱ्याचे तीन हेक्टर यांची तुलना कशी होणार? ओलिताचा बागायतदार सुटला आणि कोरडवाहू शेतकरी अडकला. पाण्याच्या साधनावरून दर ठरवणाऱ्या कौटिल्याने ही चूक केली नसती.

त्याच वेळी, विधिवादाकडून एक गोष्ट निःसंकोच घ्यावी : अधिकाऱ्याला त्याच्या शब्दाशी बांधण्याची. हान फेईचा भर प्रजेइतकाच नोकरशाहीवर होता; अधिकाऱ्याने काय कबूल केले आणि काय करून दाखवले, याचा मेळ बसलाच पाहिजे, असे तो म्हणे. महाराष्ट्रात यासाठी कायदे आहेत. कोणत्याही टेबलावर फाईल सात कामकाजी दिवसांहून अधिक अडू नये, असे विलंब प्रतिबंधाचा कायदा सांगतो. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा सेवा वेळेत न देणाऱ्यास पाचशे ते पाच हजार रुपये दंड सांगतो. माहिती अधिकारात दिवसाला अडीचशे रुपये दंड आहे, पंचवीस हजारांच्या मर्यादेत. हे वरच्याला बांधणारे दंड आहेत. दुर्दैव असे की नागरिकाला होणारा दंड जागेवर वसूल होतो आणि अधिकाऱ्याला व्हावयाचा दंड बहुधा कागदावर राहतो. पंगतीत कडक कायद्यांची मागणी करणाऱ्यांपैकी कितीजणांनी लोकसेवा हक्काखाली एक तरी अपील केले आहे?

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. ‘दंड’ जाऊन ‘न्याय’ आला, हा नुसता नावाचा बदल नसावा, अशी अपेक्षा आहे. किरकोळ अपराधांना समाजसेवेची शिक्षा हे यथायोग्य दंडाच्या दिशेने पडलेले पाऊल आहे. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ४२ कायद्यांतील १८३ तरतुदींमधील शिक्षा काढल्या किंवा सौम्य केल्या, तेही त्याच दिशेचे. मात्र जुने राजद्रोहाचे कलम गेले तरी देशाच्या सार्वभौमत्वाला धोका आणणाऱ्या कृत्यांविषयीचे कलम १५२ आले आहे. देशद्रोह्याला शासन झालेच पाहिजे, यात दुमत नाही. पण ते कलम वापरणाऱ्या प्रत्येक हाताने १८९७ ची ज्यूरी आठवावी. आज दंड आपल्या विचारांच्या माणसाच्या हाती आहे म्हणून त्याला मर्यादा नको, असे जो म्हणतो, तो शांग यांगच्याच वाटेने चालला आहे. मूठ एकच राहते, हात बदलतात.

शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतील आपल्या लष्कराला लिहिलेले पत्र मराठी माणसाला ठाऊक आहे. रयतेकडून दाणा, वैरण, भाजीपाला जबरीने घ्याल तर रयत म्हणेल की यापेक्षा मोगल बरे, अशी त्यातील तंबी आहे. ती शत्रूला नाही, स्वतःच्या शिपायांना आहे. चम्मकच्या ताम्रपटात जो राजा आपल्या शिपायांना वेशीवर थांबवतो, त्याच परंपरेतील हा राजा. पुढे रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात, आरमारासाठी झाडे हवीत तर रयतेला राजी करून, मोल देऊनच घ्यावीत, अशी ताकीद नोंदवली, तीही याच वळणाची.

आणि जिथे दंड पोहोचूच शकत नाही, तिथे काय करावे, हे वऱ्हाडच्या दोन सत्पुरुषांनी दाखवले. शेंडगावच्या गाडगेबाबांनी गाव झाडण्यासाठी कुणाला दंड केला नाही. आधी स्वतः खराटा हाती घेतला आणि मग रात्री कीर्तनातून विचारले. यावलीच्या तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत गावाचा कारभार मांडला, तो गावकऱ्याच्या जागृत मनावर. दोघेही अमरावती जिल्ह्यातले. ज्या प्रांताने असे शिक्षक दिले, त्या प्रांताने शिस्तीचे धडे पहिल्या सम्राटाकडून घ्यावेत, याची काही आवश्यकता नाही.

कायदा असावा, तो पाळला जावा, मोडणाऱ्याला शिक्षा व्हावी आणि ती लवकर व्हावी. परंतु प्रत्येक नव्या कायद्याचे स्वागत करण्यापूर्वी आपण दोन प्रश्न विचारण्याची सवय लावून घेऊ. हा दंड अपराधाच्या मानाने आहे काय? आणि तो देणाऱ्यालाही बांधतो काय? ज्या दिवशी हे प्रश्न पंगतीत विचारले जातील, त्या दिवशी चम्मकचा तो ताम्रपट केवळ संशोधकांच्या ग्रंथात राहिला नाही, असे म्हणता येईल.